साखळीला बांधलेला फोन

मी एक जुना फोन आहे, आणि मी आजवर कुणालाही फोन केलेला नाही. मित्रांनो, हसू नका. दुकानात टेबलावर मांडलेले नमुन्याचे फोन तुम्ही पाहिले असतील. पाठीला पोलादी साखळी, साखळीचे दुसरे टोक टेबलाच्या पोटात. आल्यागेल्याने उचलायचे, चिवडायचे आणि ठेवून द्यायचे. मी त्यांतलाच एक. ‘मित्रांनो’ म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो; एरवी माणूस या प्राण्याबद्दल माझे मत फारसे बरे नाही.

माझा जन्म एका लांबलचक पांढऱ्या कारखान्यात झाला. डोक्याला टोप्या आणि हातात मोजे घातलेल्या मुलींनी मला जोडले. त्या एकमेकींशी बोलत नसत. बोलण्याचे यंत्र बनवायचे आणि स्वतः गप्प बसायचे, ही गंमत मला तेव्हाच कळायला हवी होती. माझी सारी भावंडे डब्यांत बसून कुणाकुणाच्या खिशात गेली. मला मात्र नमुना म्हणून निवडले. केवढा मान, असे मला वाटले. दुकानात आल्यावर पाठीला साखळी लागली आणि मान कशाला म्हणतात ते समजले.

दुकानातल्या त्या लांब टेबलाचे दोन भाग होते. डावीकडे आम्ही, उजवीकडे ते, आणि मध्ये प्लॅस्टिकच्या फुलांची कुंडी. आमच्या पोटात एक प्रणाली, त्यांच्या पोटात दुसरी. नावे घेऊन कुणाची फुकट जाहिरात मी करणार नाही. कुंडीच्या अलीकडचे गिऱ्हाईक पलीकडच्यांना गावंढळ म्हणे आणि पलीकडचे अलीकडच्यांना मेंढरे म्हणे. ज्यांना आपला सख्खा काका कशाने गेला हे धड सांगता येत नाही, ती माणसे आमच्या पोटातल्या प्रणालीवरून हमरीतुमरीवर येत.

माझी स्तुतीही पुष्कळ झाली. मला उचलले की माणसे आधी स्वतःचे तोंड बघत. मग टेबलाचा फोटो काढत आणि तो मोठा करून म्हणत, “वा, काय स्पष्ट आलंय.” टेबलच ते, समोर मांडलेले. स्पष्ट यायला त्याला काय धाड भरली होती? असा फोटो काढून, तो तसाच माझ्या पोटात टाकून ती निघून जात. माझ्या पोटात टेबलाचे इतके फोटो होते की एखाद्या सुताराकडेही नसतील.

एका दुपारी एक म्हातारा बेकरीवाला मुलाला आणि मुलीला घेऊन दुकानात आला. खरे तर तीच दोघे त्याला घेऊन आली होती. विक्रेता त्याला ओळखत होता.

“काका, आज बेकरी बंद?”

“भट्टी विझवून आलोय,” म्हातारा म्हणाला. “मला तोंड दिसणारा फोन पाहिजे.”

त्याची बायको दुसऱ्या गावी याच मुलीच्या घरी अंथरुणाला खिळली होती. अर्धांगाच्या झटक्यात तिची वाचा गेली होती. बेकरी सोडून त्याला तिकडे जाऊन राहता येत नव्हते. आपल्या बटणांच्या फोनवरून तो तिच्याशी रोज बोलायचा आणि पलीकडून काही म्हणजे काही येत नसे.

“मी बोलत राहतो,” तो विक्रेत्याला सांगत होता, “पण ती ऐकतेय का झोपलीय, मला काय कळणार?”

एवढे साधे काम होते. तोंड दाखवणारे ॲप डावीकडेही होते आणि उजवीकडेही, अगदी तेच. पण शहाण्यांना साधे काम पुरत नाही.

“बाबांना डावीकडचा घ्यायचा,” मुलगी म्हणाली. “आमच्या घरात सगळ्यांकडे तोच आहे. अडलं तर मी तिथून सांगेन.”

“सांगशील तिथून,” तिचा भाऊ म्हणाला. “धावत कोण येणार? मीच ना? मग मला येतो तोच घ्यायचा. बोटाचा ठसा लावला की उघडतो, बाबांना काही लक्षात ठेवायला नको.”

“आमचाही उघडतो. चेहरा दाखवला की.”

“ताई, तुझा फोन म्हणजे नुसता दिखावा.”

“आणि तुझा चार दिवसांत रखडायला लागतो.”

विक्रेता हा अर्धवट ज्ञानाचा आणि पुऱ्या तोंडाचा माणूस. त्याने दोघांचीही बाजू घेतली आणि आगीत तेल ओतले. कॅमेरा झाला, बॅटरी झाली, प्रोसेसर झाला. म्हाताऱ्याकडे कुणी वळूनही पाहिले नाही. फोनचे नाव पुढे करून दोघे जुनीच भांडणे उकरत होती, हे मला केव्हाच कळले होते. शेवटी ते भावाच्या तोंडून बाहेर पडले.

“आईला तू घेऊन गेलीस. आता बाबांचा फोनपण तूच ठरवणार?”

“मी घेऊन गेले? इथे तिला उठवून बसवायला कोण होतं?”

तेवढ्यात म्हाताऱ्याने माझ्या काचेवर बोट टेकवले. मी उठलो नाही. त्याने पुन्हा टेकवले. ठोंब्या दिसतो, असे मी मनात म्हटले. तिसऱ्यांदा बोट आले तेव्हा मात्र मी दचकलो. बोट मला दिसत होते, काचेवर ते टेकलेही होते, पण मला काही म्हणजे काही जाणवत नव्हते. त्याने कुंडी ओलांडून उजवीकडच्याला हात लावला. तोही ढिम्म. इतक्या वर्षांत आमच्या दोन बाजूंचे प्रथमच एकमत झाले होते.

“काका, हलकंच लावा,” विक्रेता लांबूनच म्हणाला.

“हलकंच लावलंय.”

“मग जरा दाबा.”

मग मला ती बोटे नीट दिसली. जन्मभर भट्टीतले तापलेले पत्रे ओढून त्यांचे शेंडे गुळगुळीत आणि कडक झाले होते. त्यांवर रेघ म्हणून उरली नव्हती. मुलगा ज्या ठशाच्या गोष्टी करत होता तो ठसा बापाच्या बोटावर नव्हताच, आणि हे बापाच्या पोटच्या पोरांना ठाऊक नव्हते. मला त्यांची किळस आली. मग आठवले की मीही आत्ताच त्याला ठोंब्या म्हटले होते.

“बंद आहेत का दोन्ही?” म्हाताऱ्याने विचारले. तिघे अजून भांडणातच होते. मग त्याने मला उचलून उलटे केले. साखळी ताणली गेली. भाजलेला पाव आतून झाला की नाही हे बघायला बेकरीवाले त्याच्या बुडावर बोटाच्या सांध्याने ठोकतात. तसे त्याने माझ्या पाठीवर ठोकले आणि कान लावला. मग मला सरळ करून तोच सांधा काचेवर ठोकला.

सांध्यावरची कातडी मऊ होती, ती मला जाणवली आणि मी झगझगीत उजळून उठलो. त्याने कुंडीपलीकडे ठोकले. तोही उठला.

“उठले की,” म्हातारा म्हणाला. दोघे भांडायची थांबली.

“ह्याच्यातून तुमची आई दिसेल?”

“दिसेल,” मुलगी म्हणाली.

“आणि त्याच्यातून?”

“त्याच्यातूनही दिसेल, बाबा.”

“मग इतका वेळ काय चाललं होतं?”

विक्रेता कुंडीतली फुले नीट करू लागला.

“जो आधी डब्यातून निघेल तो द्या,” म्हातारा म्हणाला. निघाला तो उजवीकडचा, माझ्या नाकावर टिच्चून.

मुलीने तिथेच तो चालू केला आणि घरी फोन लावला. जावयाने पलीकडे फोन धरला. उशीवर एक चेहरा दिसला, ओठाची एक बाजू खाली ओघळलेली. म्हाताऱ्याने फोन कुंडीला टेकवून ठेवला. त्याने फोनशेजारी टेबलावर सांध्याने टकटक केली.

“पाव निघाले की बाबा आतून असंच ठोकायचे,” मुलगा हळूच विक्रेत्याला म्हणाला. “आणि गल्ल्यावरून आई तसंच ठोकून सांगायची, कळलं म्हणून.”

पलीकडे पांघरूण हलले. मग पांघरुणाखालून एक हात सावकाश बाहेर आला आणि खाटेच्या लोखंडी दांड्यावर वाजला. टक. टक.

“ऐकतेय,” म्हातारा म्हणाला. बहिणीने भावाचा हात धरला. तो डोळे पुसत होता.

पुढे नवे नमुने आले. माझी साखळी सोडली आणि मला त्याच टेबलाच्या खणात तुटक्या वायरींवर टाकले. वर कुंडीच्या दोन्ही बाजूंना अजून तसेच भांडण चालते. सगळे ऐकू येते. मित्रांनो, माझी काळजी घ्या असे मी म्हणणार नाही. आमच्या काचा पुसायला तुम्हाला कुणी शिकवावे लागत नाही. फोन ज्याच्यासाठी घेता त्याचा हात आधी हातात घेऊन बघा, मग वाटेल त्या बाजूला मरा.

त्या दिवशी म्हाताऱ्याची टकटक टेबलाच्या लाकडातून माझ्या पाठीपर्यंत आली होती. मला आलेला तेवढाच एक फोन. अजूनही वर कुणी टेबलावर बोट वाजवले, की मी खणातल्या अंधारात उजळायला बघतो.