कडेची माती

संघप्रिया मुडशिंगीहून कोल्हापूरच्या बालवाडीत शिकवायला रोज सायकलनं जायची. मागून वडापची, म्हणजे शिटा भरून धावणारी खासगी, जीप आली की हँडल घट्ट धरून कडेच्या मातीत उतरायची. तिचा नवरा भाऊसो त्याच रस्त्यावर वडाप चालवायचा. तिला बघितलं की तो लांबूनच गाडीचा वेग कमी करायचा आणि वळसा घालून जायचा. बाकीचे जीपवाले माजलेत, पण आपला माणूस तसला नव्हे, अशी तिची खात्री होती.

अठ्ठ्याण्णव सालच्या उसाच्या हंगामात तिच्या सायकलीच्या पुढच्या चाकाचा चिमटा मोडला, म्हणून ती नवऱ्याच्या शेजारी जीपमध्ये बसली. मागं माणसं खच्चून भरली होती. एसटीच्या आधी उचगावचा थांबा गाठायचा म्हणून भाऊसोनं उसाच्या ट्रॅक्टरला ओलांडायला गाडी बाहेर काढली. समोरून एक म्हातारा सायकलनं येत होता, कॅरेजवर वाड्याचा, उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, भारा होता. भाऊसोनं हॉर्न दाबून धरला.

"उतरंल की खाली," तो म्हणाला.

म्हातारा उतरला, पण चाक खाचेत गेलं आणि तो भाऱ्यासकट चरीत पडला. संघप्रियानं गाडी थांबवायला सांगितलं. भाऊसोनं आरशात बघितलं आणि तशीच पुढं काढली. तिनं दार ढकललं तेव्हा त्याला ब्रेक मारावाच लागला. ती उतरून मागं चालू लागली. जीप पुढं निघून गेली.

म्हाताऱ्याचं नाव जोतीराम. मनगट सुजलं होतं. तिनं रुमालानं ते बांधलं, तोवर त्यानं विचारलं, "नंबर बघितलासा काय, बाई?"

नंबर तिला तोंडपाठ होता. जीभ रेटेना, पण तिनं सांगितलं, "गाडी माझ्या मालकांचीच हाय."

जोतीरामानं हात काढून घेतला.

संध्याकाळी त्याचे दोन मुलगे दारात आले. भाऊसोनं हात जोडले, हात मोडल्याचं ऐकून खाली बघत राहिला, डॉक्टरांचं सगळं मी बघतो म्हणाला. ते गेल्यावर मात्र तो संघप्रियावर उखडला. घरच्या माणसानंच आपलं नाव सांगितलं, हे त्याला सोसवत नव्हतं.

"त्या जागी मी असते तर?" तिनं विचारलं.

"तुला वळखलं असतं की," तो पटकन म्हणाला.

तिनं ताट मांडलं. तिला पटलं असं समजून भाऊसो जेवायला बसला. तिनं त्याला वाढलं, पण रोजचा तो वळसा सायकलवाल्यांसाठी नव्हता, फक्त आपल्यासाठी होता, हे तिला आता कळलं होतं.