वाटीभर साखर

त्या इमारतीतल्या बायका एकमेकींकडे साखर मागायला जायच्या, पण घरातली संपली म्हणून नव्हे. कुठे हात उगारल्याचा आवाज आला, की शेजारीण वाटी घेऊन दार ठोठावायची. परकं माणूस दारात पाहून नवरा ओशाळायचा, तेवढ्यात बायकोला श्वास घेता यायचा. युक्ती शिंपीणमावशींची. ब्लाउजाची मापं घेता घेता त्यांनी ती कितीजणींच्या कानात घातली. समोरच्याच घरात दिलेली त्यांची भाची तर याच वाटीवर तग धरून होती.

पुढे एक संस्था आली. घरातली मारहाण रोखायला तिला अनुदान मिळालं होतं. संस्थेच्या ताई मनाने चांगल्या. त्यांनी मावशींना प्रशिक्षक केलं, शिकवायला खोली घेतली, पंखा बसवला. आता एकही बाई भिंतीला कान लावून कुढत बसणार नाही, असं मावशींना वाटलं.

वर्ष सरत आलं तशा ताई म्हणाल्या, अनुदान चालू राहायचं तर काम लोकांच्या डोळ्यांत भरलं पाहिजे. मावशी कुरकुरल्या, झाकली मूठ सव्वा लाखाची असते.

"मावशी, इथे मूठ उघडल्याशिवाय लाख मिळत नाहीत," ताई म्हणाल्या. दोघी हसल्या.

जिन्याजिन्यात रंगीत फलक लागले. वर वाटीचं चित्र, खाली ठळक अक्षरं: मारहाण ऐकू आली तर साखर मागायला जा.

फलक पुरुषांनाही वाचता येत होते.

त्याच आठवड्यात भाचीकडे भांडी आदळली. मावशी वाटी घेऊन धावल्या. जावयाने दार उघडलं, ते साखरेचा डबा हातात घेऊनच.

"घ्या मावशी, अख्खा डबाच घ्या. पुन्हा यायचे कष्ट नकोत."

डबा त्यांच्या हातात कोंबून त्याने दार लावून घेतलं, तेही शांतपणे. आतून कडी सरकली. भाचीने "मावशी" अशी एक हाक मारली, मग टीव्ही मोठा झाला.

डबा खाली टाकून मावशी दोन्ही मुठींनी दार बडवू लागल्या. वरच्या मजल्यावरची एक लेकुरवाळी खाली धावत आली. प्रशिक्षणात शिकवल्याप्रमाणे तिच्या हातात वाटी होती.

"मावशी, आता काय मागायचं?"

"काही मागू नकोस. खांदा लाव."

दोघींनी खांदा लावला. दार मजबूत होतं. ते उखडलं तेव्हा जावई खुर्चीत बसलेला होता, भाची जमिनीवर निपचित पडली होती, आणि आवाज फक्त टीव्हीचा होता.