उजवीकडून डावीकडे

बोटांच्या चिमटीत पुठ्ठ्याची चौकट, चौकटीत फिल्म, आणि फिल्मवर एक हिरवट डाग. हा डाग म्हणजे प्रकाश. चालता चालता पकडलेला... अंजनानं पकडलेला. ताहेरानं स्लाइड दिव्यापुढे धरली, आणि आपल्या ताटातलं कुणी उचलून नेल्यासारखं तिला वाटलं.

सांगलीच्या या कॉलेजात ताहेरा भौतिकशास्त्राची प्रात्यक्षिकं घेई. फलटणची अंजना तिची एम. एस्सी.ची मैत्रीण, अमेरिकेहून महिनाभरासाठी आलेली. आज तिचं व्याख्यान होतं, आणि प्रोजेक्टर ताहेराकडे.

"बाटलीतल्या पाण्यात थोडं दूध घातलं, की जाणारा प्रकाश बाजूनंही दिसतो," अंजना सांगत होती. "पण थांबलेला दिसायला कॅमेऱ्याचं दार सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही शंभराव्या भागापुरतंच उघडायला हवं. इतक्या झटपट ते दारही प्रकाशच उघडू शकतो."

दूध... वसतिगृहात, काचेच्या पेल्यात, दूध मीच ओतलं होतं ना? बॅटरी मी धरली होती. तू नुसती बघत होतीस — आणि शिष्यवृत्तीची जाहिरात आली तेव्हा अर्ज तू केलास. अब्बा नको म्हणाले, असं मी सगळ्यांना सांगते. अब्बांना मी विचारलं तरी कुठे होतं?

ताहेरानं स्लाइड प्रोजेक्टरमध्ये उलटी सरकवली.

प्रकाश इथून शिरतो, असं म्हणायला अंजनाची छडी पडद्यावरच्या बाटलीच्या डाव्या टोकाशी गेली आणि अडखळली. डाग भलत्याच बाजूला होता. आता ती वळेल, सगळ्यांदेखत म्हणेल... म्हण ना.

"प्रकाश उजवीकडून शिरतो," अंजना शांतपणे म्हणाली, आणि छडी तिकडे नेली.

नंतर व्हरांड्यात दोघीच चहा घेत उभ्या होत्या.

"लय घाबरले हुते गं," अंजना म्हणाली. "तू मशीनपाशी हाईस म्हणून तोंड उघडलं."

"ती स्लाइड मी मुद्दाम उलटी घातली."

"व्हय. कळलं मला." एवढं बोलून तिनं आपल्या कपातला थोडा चहा ताहेराच्या कपात ओतला.

हेवा करायचा तर समोरच्या माणसात थोडा तरी वाईटपणा हवा. अंजना तेवढीही सोय ठेवत नव्हती. ताहेरा चहा पिऊ लागली. इतकी वर्षं जपलेली कळ अजून होती, जागच्या जागी — फक्त ती आता अंजनाच्या नावाची उरली नव्हती, आणि दुसरं कुणाचं नाव घ्यायची ताहेराची अजून तयारी नव्हती...