पान सतरा, शेवटच्या तीन ओळी

रावजी शितप गुरुजींना एका माणसाचे आभार मानायचे होते. माणूस ओळखीचा, गावातलाच. गुरुजी माळनाक्याला आणि तो राजिवड्याला. मधे रिक्षाने दहा मिनिटं. तरी या कामाला गुरुजींनी चाळीस वर्षं लावली. कारण आभार मानायचे तर आधी चोरी कबूल करायला लागणार होती.

चोरी तीन ओळींची होती.

१९८६ साली हॅलेचा धूमकेतू आला, तेव्हा गुरुजींनी शाळेतल्या मुलांसाठी ‘चांदण्यांची हजेरी’ नावाची पुस्तिका लिहिली. तारा म्हणजे काय, प्रकाश किती वेगाने धावतो, तारा जन्मतो कसा आणि म्हातारा होतो कसा, सगळं बत्तीस पानांत. धूमकेतू कोणासाठी थांबत नाही, म्हणून छपाई घाईत उरकली. प्रुफं तपासायच्या दिवशी गुरुजी सहलीची मुलं घेऊन आंजर्ल्याच्या गणपतीला गेले होते. पुस्तिका हातात आली तेव्हा त्यांनी पान सतरा उघडलं. प्रकाशाचा धडा तिथे संपत होता. त्यांचं शेवटचं वाक्य जागेवर होतं: ‘सबब, विद्यार्थ्यांनी वेळ मिळेल तेव्हा तारे पाहावेत.’ आणि त्याच्याखाली तीन ओळी होत्या, ज्या त्यांनी लिहिलेल्याच नव्हत्या.

‘तारा कदाचित आज नसेलही.
पण त्याने आधी टाकलेलं पत्र अजून वाटेत असतं.
ते पोचलं, की आपण म्हणतो तारा दिसला.’

गुरुजी तणतणत छापखान्याकडे निघाले. वाटेत शाळा तपासणीचे साहेब भेटले; त्यांच्याकडे प्रत आधीच पोचली होती. साहेबांनी भर रस्त्यात त्या तीन ओळी पाठ म्हणून दाखवल्या आणि विचारलं, “गुरुजी, हे सुचलं कसं हो तुम्हाला?”

“सहज,” गुरुजी म्हणाले.

खोटं बोलायला माणसं मोठमोठ्या गोष्टी रचतात. गुरुजींचं एका शब्दात भागलं. मग छापखान्यात जायचं काही कारण उरलं नाही.

पुस्तिकेतलं बाकी सगळं लोक विसरले, पान सतरा तेवढं राहिलं. तालुक्यात कोणी वारलं की शोकसभेला गुरुजींना बोलावणं. एका जावयाने सासऱ्यांच्या स्मरणार्थ एसटी स्टँडवर बाक दिला, त्यावर त्या ओळी कोरायला सांगितल्या. फरशी कमी पडली. त्या बाकावर आजही ‘तारा कदाचित आज नसेलही’ एवढंच आहे, आणि ते वाचत लोक गाडीची वाट बघतात.

ओळी कोणाच्या, हे गुरुजींना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्या छापखान्यात खिळे जुळवणारा माणूस एकच, कमाल होडेकर. शिशाचा एकेक खिळा, म्हणजे एकेक उलटं अक्षर, वेचून तो पानं लावायचा. नंतर संगणक आले, छापखाना बंद झाला, खिळे भंगारात गेले. कमालभाई अधूनमधून मच्छीबाजारात भेटायचे. “काय गुरुजी, बरं?” “बरं.” तेवढंच. त्यांनी एकदा जरी टोमणा मारला असता, तरी गुरुजींना रात्री बरी झोप लागली असती.

यंदा पुस्तिकेला चाळीस वर्षं झाली. गुरुजींची नात वेदिका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. तिने सगळे आकडे तपासून नवी आवृत्ती काढली, आणि आजोबांना न सांगता त्या तीन ओळी थेट मुखपृष्ठावर घेतल्या. प्रकाशन शनिवारी संध्याकाळी पाच वाजता शाळेच्या सभागृहात, आणि लगेच साडेसातला मांडवीला आकाशदर्शन.

मुखपृष्ठ बघून गुरुजी दोन दिवस जेवले नाहीत. म्हणजे भात खाल्ला, पण आमटी दुसऱ्यांदा मागितली नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी बायकोला, मथुराबाईंना, स्वयंपाकघरात गाठलं आणि सगळं सांगितलं.

मथुराबाई कोकमं निवडत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. “मला ठाऊक होतं.”

“तुला? कोणी सांगितलं?”

“सांगायला कशाला हवं? लग्नाला बावन्न वर्षं झाली. तुमची पत्रं मी ठेवलीयत सगळी. ‘सबब, शनिवारच्या गाडीने येत आहे.’ त्या माणसाला असलं काही सुचेल होय?”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही बोलाल म्हणून वाट बघत होते,” मथुराबाई म्हणाल्या. “राजिवड्याला रिक्षा जाते. धुतलेला सदरा खुंटीवर आहे.”

कमालभाई पडवीत वर्तमानपत्र वाचत बसले होते. वय चौऱ्याऐंशी. पेपर त्यांनी उलटा धरला होता.

“घाबरू नका गुरुजी,” त्यांची सून इशरत म्हणाली. “खिळे वाचून वाचून अब्बांना उलटंच बरं पडतं. मागे डॉक्टरांनी बघितलं तर म्हणाले, डोक्याचा फोटो काढून घ्या.”

“काढला का?”

“काढला ना. अब्बांनी तोही उलटा धरून बघितला.”

चहा आला, नानखटाई आली. गुरुजी आंब्याच्या मोहोरावर बोलले. यंदाच्या थंडीवर बोलले. बांगडा मिळत नाही त्यावर बोलले, आणि त्यांना बांगडा आवडतही नाही. कमालभाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पेपरची घडी केली.

“आता बोला. पान कधीचं बांधून ठेवलंय तुम्ही. छापा एकदाचं.”

“त्या तीन ओळी,” गुरुजी म्हणाले.

“हां.”

“तुम्ही का घातल्यात?”

“जागा होती म्हणून,” कमालभाई म्हणाले. “तीन ओळी मोकळ्या राहिल्या होत्या. तिथे फुलाचा ठसा टाकायचा, तर तो एका लग्नपत्रिकेत अडकलेला. दुसरा ठसा बैलाचा. ताऱ्यांच्या पुस्तकात बैल कसा टाकू?”

“वृषभ रास आहे हो आकाशात.”

“ते तेव्हा सांगायचं. तुम्ही आंजर्ल्याला.”

इशरत आत हसली. गुरुजींना हसू आलं नाही. “पण ते सुचलं कसं?” त्यांनी विचारलं. हाच प्रश्न चाळीस वर्षांपूर्वी त्यांना विचारला गेला होता.

कमालभाई ‘सहज’ म्हणाले नाहीत.

“माझा बाप बोटीवर खलाशी होता. मी दहा वर्षांचा असताना इराकात बसऱ्याला तापाने गेला. घरी तार आली, सगळी रडली, तिथेच दफन झालं. आणि तेवीस दिवसांनी बापाचं कार्ड आलं. टपालात मागे राहिलेलं. ‘मी खुशाल आहे. कमालसाठी चपला घेतो आहे, पायाचं माप दोऱ्याने घेऊन पाठवा.’”

गुरुजींच्या हातातली नानखटाई चहात पडली.

“आईने माप घेतलं?”

“घेतलं तर. कार्ड आलंय म्हटल्यावर घ्यायला नको? दोरा कुराणाच्या पेटीत ठेवला. तुमच्या धड्यात वाचलं, की तारा दिसतो तो आजचा नसतो, जुना प्रकाश आत्ता पोचतो. म्हटलं, हे तर आपल्याला दहाव्या वर्षापासून येतंय.” त्यांनी बशी पुढे सरकवली. “दुसरी घ्या.”

“शनिवारी मी सगळ्यांसमोर सांगणार आहे,” गुरुजी म्हणाले.

“काही गरज नाही. माझं नाव कुठे घालायचं नाही. मी नुसते खिळे जुळवले.”

“कमालभाई, त्या ओळी घालताना मला विचारलं होतंत?”

“नाही.”

“मग मीही विचारत नाही.”

शनिवारी सभागृह भरलं. गुरुजी उभे राहिले, पाणी प्यायले आणि म्हणाले, “या पुस्तकातल्या ज्या ओळींसाठी तुम्ही माझा सत्कार करताय, त्या मी लिहिलेल्या नाहीत. त्या खिळे जुळवणारे कमाल होडेकर यांच्या आहेत.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्ष उठून म्हणाले, “हा विनय! आजच्या काळात हा विनय कुठे बघायला मिळतो?”

“विनय नाही हो, चोरी आहे,” गुरुजी म्हणाले.

आणखी टाळ्या. पहिल्या रांगेतल्या दोन बायकांनी डोळे पुसले. तिसऱ्यांदा गुरुजी ओरडून म्हणाले, “चाळीस वर्षं मी खोटं बोलतोय!” त्यावर मागून कोणीतरी “वा!” म्हणालं. शेवटी शालीखाली त्यांचा आवाज बंद झाला. खोटं एका शब्दात खपलं होतं, आणि खरं तीनदा सांगून कोणी घेईना.

मग लोक पुस्तकं घेऊन सहीसाठी रांगेत उभे राहिले, तेव्हा गुरुजींना मास्तरकी आठवली. वर्ग ऐकत नसेल तर लिहून द्यावं. त्यांनी प्रत्येक प्रत उघडली, मुखपृष्ठ सोडून थेट पान सतरा काढलं, आणि तीन ओळींखाली फळ्यावरच्या अक्षरात लिहिलं: ‘या ओळी कमाल होडेकर यांच्या. मी त्यांचा ऋणी आहे. रा. शितप.’ पहिल्या दहा जणांना गंमत वाटली. विसाव्यानंतर रांगेत कुजबुज सुरू झाली. चाळिसाव्याला अध्यक्ष जवळ येऊन हळूच म्हणाले, “म्हणजे खरंच?”

“तेच सांगतोय मघापासून.”

मनगट दुखून आलं, पण गुरुजी थांबले नाहीत. शेवटच्या प्रतीवर लिहून झालं, तेव्हा त्यांनी मथुराबाईंकडे बघितलं. “भूक लागली,” ते म्हणाले. मथुराबाईंनी पिशवीतून डबा काढला. तो त्यांनी आधीच भरून आणला होता.

मांडवीला अंधार पडला होता. इशरत कमालभाईंना घेऊन आली होती. सभागृहात यायला त्यांनी नाही म्हटलं होतं, पण तारे बघायला कोणाच्या बापाची परवानगी लागत नाही, असं ते म्हणाले. वेदिकाने दुर्बीण डोक्यावरच्या एका नारिंगी ताऱ्यावर लावली.

“ही रोहिणी. वृषभ राशीतली.”

“बैल,” कमालभाई गुरुजींना म्हणाले.

“तारा म्हणजे वायूचा गोळा,” वेदिका सांगू लागली. “स्वतःच्याच वजनाने आत दबायला बघतो आणि आतल्या आचेने बाहेर पसरायला बघतो. दोन्ही जोर सारखे असतात तोवर त्याचा संसार नीट चालतो. पोटातलं इंधन संपत आलं की तो फुगतो, तांबूस होतो. रोहिणीचं तेच झालंय. वय झालेला तारा.”

मथुराबाईंनी अंधारातही गुरुजींच्या पोटाकडे बघितलं.

“म्हणजे ही आता नसेल?” कमालभाईंनी विचारलं. त्यांचा डोळा दुर्बिणीलाच होता.

वेदिका जरा घुटमळली. “कमालआजोबा, खरं सांगू? तुमच्या ओळीत एक गोष्ट राहिली. साध्या डोळ्यांना दिसणारे तारे जवळजवळ सगळेच अजून आहेत. ताऱ्यांचं आयुष्य कोट्यवधी वर्षांचं. पत्र पोचेपर्यंत पाठवणारा सहसा जात नाही. रोहिणीचा हा प्रकाश निघून साधारण पासष्ट वर्षं झाली, बस.”

कमालभाईंनी बोटांवर हिशेब केला. “पासष्ट. त्या साली मी छापखान्यात लागलो. पहिला खिळा हातात घेतला.”

“आणि शिसं कुठून आलं माहितीये? पुष्कळसं शिसं अशाच ताऱ्यांच्या म्हातारपणी त्यांच्या पोटात तयार झालं. ते तारे विझले, राख उधळली गेली, त्यातून पृथ्वी जमली. तुमचे खिळे म्हणजे कुठल्यातरी जुन्या रोहिणीचे.”

कमालभाई दुर्बिणीपासून बाजूला झाले. “बघा गुरुजी. ओळी तुमच्या नाहीत, माझ्याही नाहीत. चला, घरी जाऊ.”

“थांबा.” गुरुजींनी त्यांच्या हातात एक प्रत दिली. वेदिकाने लाल कागद लावलेली बॅटरी धरली. कमालभाईंनी पुस्तक उलटं केलं, पान सतरा काढलं आणि हाताने लिहिलेली ओळ वाचली. मग परत वाचली.

“कमालभाई,” गुरुजी म्हणाले, “आभारी आहे.”

“पोचलं,” कमालभाई म्हणाले. मग त्यांचं बोट ओळीवर थांबलं. “एक चूक आहे.”

“कुठे?”

“पुस्तकात नाव लिहायचं तर पूर्ण लिहितात. मधे बापाचं नाव राहिलं.”

“सांगा.”

“याकूब.”

गुरुजींनी पेन काढलं. कमाल आणि होडेकर यांच्या मधे जागा नव्हती. त्यांनी दोन शब्दांखाली छोटी खूण केली आणि वरच्या मोकळ्या जागेत लिहिलं, याकूब. कमालभाईंनी शाई वाळेपर्यंत पुस्तक उघडंच धरलं आणि मग पहिल्यांदाच ते सुलटं करून वाचलं.

आता अडचण एवढीच आहे, की त्या संध्याकाळी दोनशे अकरा प्रती लोकांच्या घरी गेल्या, आणि त्या सगळ्यांत याकूब राहिला. गुरुजी वय अठ्ठ्याहत्तर असूनही खिशात पेन घालून घरोघर फिरतायत. मिरकरवाडा झाला, राजिवडा झाला, आता जयगडला दोन प्रती आहेत असं कळलंय. तुमच्याकडे एखादी असली तर पान सतरावर खूण घालून ठेवा. पोचायला थोडा वेळ लागेल, पण ते निघालेत.