उलटे वेढे

मावशी कोटांच्या दुकानात रोज जायची आणि काहीच घ्यायची नाही. गल्लीच्या टोकाला ती जुने कपडे दुरुस्त करते. कपड्याआधी गिऱ्हाइकालाच उसवते. दुकानात शिरली की टांगलेल्या कोटांची बटणं चिमटीत धरून बघायची.

"मावशी, कोट घेताय की नाडी बघताय?" दुकानदार चिडवायचा.

नाडीच बघत होती. तिची लेक डावखुरी. बटण शिवल्यावर खाली दोऱ्याचे वेढे देतात, ते तिच्या हातून उलटे पडायचे. मावशीने रट्टे घातले, वेढे काही सुलटले नाहीत. पुढे लेक लांबच्या गावी, कोटांच्या कारखान्यात लागली. आधी तिचा फोन बंद झाला, मग कारखान्यानेच जागा बदलली. आणि एक दिवस या स्वस्त कोटांवर मावशीला उलटे वेढे दिसले. तेव्हापासून प्रत्येक नव्या मालात ते असायचे. म्हणजे पोरगी आहे.

तेवढ्यात शेजारच्या मास्तरीणबाईंनी मोहीम उघडली. "त्या कारखान्यात पोरींना डांबून ठेवतात. बाहेरून कुलूप! असला कोट अंगावर घालवतो तरी कसा?" मुद्दा बिनतोड होता. त्यांचा स्वतःचा कोट मागच्याच हिवाळ्यात याच दुकानातून घेऊन झाला होता. गल्लीने कोट घेणं सोडलं.

मावशी त्यांच्या दारात गेली. "बाई, तुम्ही म्हणता ते खरं. पण लोकांना घेऊ द्या. माल बंद झाला तर मला कळणार कसं?"

"काय कळणार?"

मावशीने सांगितलं. बाईंनी तिला आत घेतलं.

"अहो, पण आपण घेत राहिलो तर ती सुटणार कशी?"

"आणि नाही घेतला तर सुटते का?"

बाईंकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतं. त्या दिवशी त्यांनी चहा टाकला.

"यापुढे हा माल मागवत नाही," दुकानदार म्हणाला. शेवटच्या गठ्ठ्यातला एक कोट मावशीने घेतला, आणि घासाघीस केली नाही. दुकानदार घाबरलाच.

वरच्या बटणांचे वेढे उलटे होते. खालच्यांचे सगळे सुलट. मधेच हात बदललेला.

आता तोच कोट ती घालते. वरची बटणं लावलेली, खालची उघडी.

"मावशी, वारा शिरेल ना!"

ती खालचं एक बटण चिमटीत धरते, बराच वेळ.

"ही नवीन आहे," म्हणते. "कुणाची आहे कोण जाणे. वेढे फार घाईत दिलेत पोरीने."