पाच टोकांचा मुकुट

मी एक जुना चिरूट आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी नकली आहे. माझ्या पोटावर लाल कागदाची पट्टी आहे, तिच्यावर सोनेरी मुकुट आणि कुठल्याशा दूरच्या बेटाचं नाव. त्या बेटाचं तोंडही मी कधी पाहिलेलं नाही. माझा जन्म गोंदियाकडच्या एका विडी कारखान्याच्या मागच्या खोलीत झाला. वनमालाबाई नावाच्या एका हसतमुख बाईंनी मला वळलं. विड्यांचं काम आटपलं की त्या आमच्यासारखे जाडे चिरूट वळायला घेत आणि शेवटचं पान डिंक लावून अंगठ्यानं हळूच दाबत. मग कोणीतरी येऊन घाईघाईनं ती पट्टी चिकटवी आणि आम्ही सगळे एका क्षणात फॉरेनचे होऊन जात असू.

तिथून मी रायपूरला, ब्राह्मणपारा नावाच्या मोहल्ल्यातल्या एका चिंचोळ्या दुकानात आलो. समोर देऊळ होतं. म्हणून पुढं नारळ, कापूर, अगरबत्त्या आणि मागच्या फळीवर, देवाची नजर पडणार नाही अशा बेतानं, तंबाखू. आमचा पत्र्याचा डबा मोगऱ्याच्या अगरबत्त्यांना अगदी खेटून होता. तो वास माझ्या अंगात असा शिरला की मी चिरूट आहे की उदबत्ती, माझं मलाच कळेना. दर महिन्याला एक जाडसर, हसरा आवाज यायचा, "एक बाँध दो सेठ, टूटना नहीं चाहिए!" म्हातारे मालक डबा उघडत आणि आमच्यातला एक भाऊ कमी होई. माझी पाळी आली, आणि नेमका तो आवाज यायचा थांबला. मालकही गुडघे धरून घरी बसले. गादीवर त्यांचा मुलगा चिराग आला. त्याला आमचं कौतुक नव्हतं. मी एकटाच डब्याच्या तळाशी पडून राहिलो.

एका दुपारी अचानक झाकण उघडलं. समोर नऊ दिवसांची दाढी वाढलेला, पन्नाशीचा एक माणूस उभा होता. त्यांचं नाव उदय. घर तात्यापाऱ्यात, नोकरी सरकारी. त्यांचे वडील बंडूभाऊ, रेल्वेतले निवृत्त गार्ड, नुकतेच गेले होते.

"असली है न भैया?" उदयनं विचारलं.

"पापा के टाइम का माल है. असली ही होगा," चिराग म्हणाला.

त्या 'होगा'नं उदयच्या कपाळाला आठी पडली. पण सकाळपासून सगळी मोठी दुकानं पालथी घालून झाली होती आणि वडिलांच्या चिरुटावर असायचा तो मुकुट फक्त इथंच सापडला होता. मला खिशात घालून ते निघाले. खिशात मी नुसता घाबरून होतो. आजवर मला कोणी नीट निरखलं नव्हतं. आता हा माणूस निरखणार आणि माझं बिंग फुटणार!

घरी संध्याकाळी उदयनं आपल्या ऑफिसातल्या मित्राला, रणजितला बोलावलं. रणजितला चिरुटांची चांगली पारख होती. उदयनं त्याला ब्राह्मणपाऱ्यातल्या दुकानापासून सगळं सांगितलं, म्हणून मलाही सारं कळलं. उद्या महादेवघाटावर बाबांचा दहावा. पिंडाला कावळा शिवला की माणूस तृप्त होऊन गेला, नाही शिवला तर त्याचं काही राहून गेलं, असं घरचे मानतात. म्हणून पिंडाशेजारी गेलेल्याच्या आवडीची वस्तू ठेवायची. बंडूभाऊंच्या आवडीची वस्तू म्हणजे चिरूट. महिन्यातून एकच ओढायचे, पण ऐटीत! "कलकत्त्याचा साहेब खास माझ्यासाठी पाठवते, फॉरेनचा माल आहे," असं सगळ्या मोहल्ल्याला सांगायचे.

"दवाखान्यात त्यांनी मागितला होता रे," उदय म्हणाला. "'पेटवत नाही, फक्त हातात दे' म्हणे. अन् मी खेकसलो त्यांच्यावर. 'बाबा, लहान पोट्ट्यावानी काय करून राहिले' म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यांची वाचाच गेली. आता कावळा नाही आला तं मी आईले काय तोंड दाखवू? पाहून सांग बाप्पा, हा असली आहे ना?"

रणजितनं मला उचललं. बोटांनी दाबलं, कानाशी नेऊन फिरवलं, नाकाशी धरलं. मेलो आता, मी मनात म्हटलं.

"उदय, वाईट वाटून घेऊ नको," तो म्हणाला. "ही पट्टी पाय, तिरपी लावली आहे. मुकुटाले पाच टोकं आहेत. असलीले सहा असतात, मी कित्येकदा पाह्यलं. अन् वास घे! मोगऱ्याचा. चिरुटाले मोगऱ्याचा वास येते का कधी? नकली आहे. फसवलं तुले."

उदयनं मला त्याच्या हातातून घेतलं. "जिते होते तं हातात दिला नाही, अन् आता मेल्यावर नकली देऊ काय?" एवढं बोलून त्यांनी तोंड झाकून घेतलं. मित्रांनो, त्या क्षणी मला वाटलं, वनमालाबाईंनी मला वळलंच नसतं तर बरं झालं असतं.

उदयची मुलगी दीक्षा चहाचे कप उचलायला आली होती. कॉलेजात जाणारी पोट्टी, मराठी सगळं कळतं पण बोलते हिंदीत. ती माझ्याकडं बघत जागीच थांबली.

"पापा, एक मिनट." ती आत पळाली आणि शाळेतली जुनी कंपासपेटी घेऊन आली. पेटीत लाल कागदाच्या अंगठ्याच अंगठ्या! "आबा सिगार की पट्टी निकालकर मुझे पहनाते थे. रानी की अंगूठी बोलते थे. गिनिए न!"

रणजितनं मोजलं. एकेका मुकुटाला पाच टोकं. पेटीतल्या साऱ्या मुकुटांना पाचच, आणि निम्म्या पट्ट्या तिरप्या चिकटवलेल्या.

"इकडे दे त्याले," आतल्या दाराशी भिंतीला टेकून बसलेल्या उदयच्या आई, इंदूआजी, म्हणाल्या. नऊ दिवस त्या फारशा बोललेल्याच नव्हत्या. त्यांनी मला नाकाशी धरलं आणि डोळे मिटले. "हव, हाच. तीस वर्षं यांच्या सदऱ्याले हाच वास. मले वाटे, माणूस देवळात जाऊन येऊन राहिला! मी तं मनातल्या मनात खुश होत होती." आणि हसता हसता त्यांना रडू फुटलं. "कलकत्त्याचा साहेब म्हणे! लबाड कुठचा. ब्राह्मणपाऱ्यातून आणत होता!"

तेव्हा कुठं मला तो जाडसर, हसरा आवाज आठवला. अरे देवा, ते बंडूभाऊ होते! ज्या माणसासाठी मी डब्यात पाळी धरून बसलो होतो, त्याच्याच घरी मी येऊन पोचलो होतो.

"मंग तं हाच असली आहे," रणजित ओशाळून म्हणाला आणि त्यानं मला हळूच ताटलीत ठेवलं.

तरी उदयचा जीव थाऱ्यावर नव्हता. चिरूट बरोबर सापडला, पण बोललेले शब्द थोडेच परत घेता येतात? सकाळी घाटावर पिंड मांडला, माझ्यासाठी शेजारी केळीचं पान ठेवलं आणि उदयनं मला दोन्ही हातांनी त्यावर टेकवलं. बाबांची माफी मागायची, तासन्‌तास उभं राहावं लागलं तरी राहायचं, असं ठरवून ते चार पावलं मागं सरले. हात जोडायला त्यांनी नुसते उचलले असतील, तोच पिंपळावरून एक कावळा उतरला. एकदा माझ्याकडं पाहिलं, मान तिरकी केली आणि थेट पिंडाला चोच लावली.

जमलेली मंडळी आनंदली. पण उदय हात अर्धेच वर धरून उभे होते. "मी तं अजून काही बोललोच नाही," ते म्हणाले.

"काय बोलतं आता?" इंदूआजी त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या. "तूच घाबरून राहिला होता. तुझ्यावर रागावले होते तरी कधी ते?" तेव्हा उदय त्या भरल्या घाटावर लहान मुलासारखे रडले.

आता सगळे घरी गेले आहेत आणि मी या पानावर खारून नदीच्या अगदी कडेला, तिच्याकडं पाहत पडलो आहे. थोड्या वेळानं पाण्याबरोबर जाईन. मित्रांनो, चिरूट वाईटच, त्याच्या वाटेला जाऊ नका, हे मी चिरूट असून सांगतो. पण तुमच्या घरातलं म्हातारं माणूस कुठं जातं, काय आणतं, कशाच्या वासानं खुलतं, ते त्याच्याजवळ बसून विचारा. एखादी वस्तू त्यानं नुसती हातात धरायला मागितली, तर खेकसू नका. बंडूभाऊंच्या हातात मला एकदा जायचं होतं. त्यांचा हात केवढा होता, हेसुद्धा मला कळलं नाही.