कुलोडनला दरवर्षी हरणारा किल्ट

मित्रांनो, मी एक थकलेला किल्ट आहे. स्कॉटलंडमधले पुरुष कमरेला नेसतात ना, तो चौकड्यांचा लोकरी घागरा, तोच मी. घागरा म्हटलं की पूर्वी मला राग यायचा. आता तेवढंही त्राण उरलेलं नाही.

माझा जन्म थंडी-पावसाच्या गावातला. फियोना मॅडमच्या आजोबांनी मला लग्नात मिरवलं. पुढे मॅडम शिकवायला कतारला आल्या आणि मी तिथल्या अल दुहैल भागातल्या शाळेत नाटकाच्या कपाटात येऊन पडलो. तेव्हापासून दरवर्षी तेच नाटक. अर्ध्या तासात अख्ख्या स्कॉटलंडचा इतिहास! बॅनकबर्नच्या लढाईत मी इंग्रजांना पळवून लावतो. खरं तर त्या काळी किल्ट नव्हतेच, पण मॅडमना सांगणार कोण? इंग्लंडशी एक होण्याचा करार होतो तेव्हा मी खुंटीवर गुमान लटकतो आणि कुलोडनच्या लढाईत सपाटून मार खातो. शेवटी आमची संसद परत येते, स्वतंत्र व्हायचं का यावर सार्वमतही होतं, पण तोवर माझा जीव मेटाकुटीला आलेला असतो.

यंदा तालमीत कुलोडनला मरताना मला नेसलेल्या तबिशने असं काही अंग टाकलं की माझी कमरेची शिवण टराटरा उसवली. नाटकातलीच अलिना मला शिवायला घरी घेऊन गेली. तिची अम्मी, सायरा, रत्नागिरीची. हाताला चांगली सफाई. तिने मला मायेने शिवलं, पण चुण्या सगळ्या पुढे घेतल्या.

"अम्मी, आर यू शुअर?" अलिनाने विचारलं.

"निऱ्या पुढंच असतात गो. मागं कोन बघतो?"

दुसऱ्या दिवशी नाटक होतं. मला बघून मुलं खो खो हसत सुटली. किल्टच्या चुण्या मागे असतात, पुढे सपाट.

"कुणी शिवलं हे?" मॅडमनी विचारलं.

अलिनाचा चेहरा उतरला. "सूक वाकिफच्या बाजारातल्या कुणा टेलरने," ती इंग्रजीत म्हणाली.

सायरा दारातच उभी होती. काही मदत लागली तर म्हणून सुई-दोऱ्याचा डबा घेऊन आली होती. एवढं इंग्रजी तिला कळत होतं. मॅडमनी तिच्या हातातला डबा बघितला. "तुम्हीच का त्या टेलर?"

"येस मॅडम," सायरा म्हणाली.

खाली बसून तिने टाके उसवले आणि चुण्या मागे घेतल्या. अलिना तिच्याकडे बघेना. मला फार वाईट वाटलं, कुलोडनला हरताना वाटतं त्याहून जास्त.

नाटक सुरू झालं. कुलोडननंतर सरकारने आमच्या पोशाखावर बंदी घातली, त्या प्रवेशात अलिना मला पेटीत लपवते. लाल कोटातला शिपाई मला उपसून काढतो आणि दरडावतो, "हे कापड कुणाचं?" त्यावर "ठाऊक नाही" एवढंच तिला म्हणायचं होतं.

अलिनाने विंगेकडे बघितलं. विंगेत सायरा टाचण्या घेऊन उभी होती.

"आमचं आहे," अलिना इंग्रजीतच म्हणाली, सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात. "माझ्या अम्मीने शिवलंय. ती बघा, तिथे उभी आहे."

शिपायाने मॅडमकडे बघितलं. मॅडम हातातले कागद चाळू लागल्या. सायराने ओढणीने डोळे पुसले आणि विंगेतून दबक्या आवाजात दटावलं, "खलास, पुरे झालं, पुढचं बोल गो! लोक थांबलेत."

मित्रांनो, माझी लोकर आता विरली आहे. मला अधूनमधून ऊन दाखवा, कसर लागू देऊ नका, आणि कुलोडनला मरायचंच असेल तर जरा बेताने मरा. आणि मला कुणी शिवलं असं कुणी विचारलं, तर सायराचं नाव पटकन सांगा.